लाही: गोड आणि तिखट

लक्ष्मीपूजनाच्या ताटात काय काय मांडायचे हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. नवी केरसुणी, हिशेबाच्या वह्या, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे सोने-नाणे, धणे-गूळ, झेंडूची फुले, आणि या सर्वांच्या जोडीला साळीच्या लाह्या व बत्तासे. पूजा आटोपली की मुलांचे हात प्रथम बत्ताशांकडे धावतात. लाह्या मागे राहतात. दुसऱ्या दिवशी केर काढताना त्या पाटाखाली, उंबऱ्याजवळ, कोनाड्यात सापडत राहतात. ज्या देवीला आपण सुवर्णाची देवी म्हणतो, तिच्यापुढे फुंकर मारली तर उडून जाईल अशी ही वस्तू मानाने का ठेवावी, हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळ दिवस होता.

उत्तर साधेच आहे. लाही ही शिल्लक धान्याची खूण आहे. ज्या घरात आजच्या जेवणापुरते धान्य आहे, तिथे त्याचा भात होतो, भाकरी होते; फार थोडे असेल तर पेज होते. लाही व्हायला त्याहून चार मुठी अधिक लागतात. बियाणे बाजूला काढले, वर्षाची बेगमी झाली, देणेकऱ्याचे देणे फिटले, आणि तरीही कणगीच्या तळाशी काही उरले, तर त्या उरलेल्या धान्याची लाही होते. लक्ष्मी म्हणजे तरी दुसरे काय? उरते ती लक्ष्मी. म्हणून सोन्याशेजारी लाही बसते, आणि तिथे ती मुळीच विशोभित दिसत नाही.

हा शब्दही फार जुना. संस्कृतातील ‘लाजा’ म्हणजे आपली लाही. वैदिक विवाहविधीत वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि त्या ती अग्नीला अर्पण करते. त्या विधीचे नावच लाजाहोम. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त दिलीप राजा नंदिनी गायीमागून वनात हिंडतो, तेव्हा वेली त्याच्यावर फुले उधळतात, आणि कवीला आठवण होते ती राजाच्या स्वागतासाठी लाह्या उधळणाऱ्या नगरकन्यांची. म्हणजे आज आपण अक्षता टाकतो, तशा त्या काळी लाह्याही टाकीत. वैद्यांनी तिला आजाऱ्याच्या खोलीत नेले. लाह्यांची पातळ पेज, म्हणजे लाजमंड, हे पचायला हलके पथ्य आयुर्वेदात सांगितले आहे. राजाच्या मिरवणुकीत आणि रोग्याच्या अंथरुणाशी सारख्याच सहजतेने वावरणारे दुसरे अन्न मला तरी आठवत नाही.

लोकांच्या सणावारांत तर लाही जागोजाग भेटते. नागपंचमीला देशावर ज्वारीच्या लाह्या हव्यात. गोपाळकाल्यात पोह्यांबरोबर लाह्या हव्यात. गुजरातेत होळीला ‘धाणी’, खजूर आणि डाळे खातात. ती धाणी म्हणजे लाहीच. डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके महाराष्ट्राच्या अगदी टोकाला, गुजरातच्या कुंपणाला टेकलेले. पूर्वी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. इथल्या बाजारात एकाच टोपलीला एक गिऱ्हाईक लाही म्हणते, तर दुसरे धाणी म्हणते, आणि विकणारा दोघांनाही सारखेच माप देतो.

हा पट्टा भाताचा, नागलीचा आणि वरईचा, ज्वारीचा नव्हे. म्हणून इकडची जुनी लाही ती साळीची. एकाच साळीपासून माणसाने किती प्रकार काढले पाहा! साळ भिजवून, भाजून, कांडली की पोहे. उकड्या तांदळाला मिठाच्या पाण्याचा हात लावून तापल्या वाळूत परतले की चुरमुरे. आणि तूस न काढता अखंड साळच तापल्या वाळूत टाकली, तर ती फुटून फुलते, तूस सुटते, आणि मागे राहते ती लाही. भडभुंज्याच्या भट्टीपाशी ज्याने पाच मिनिटे काढली असतील त्याला हे सारे ठाऊक आहे. कढईत काळी पडलेली वाळू, हातात झारा, आणि वाळू खाली गाळून लाही वर ठेवणारी चाळण. एवढीच काय ती सामग्री. वाळूचे काम एकच. ती प्रत्येक दाण्याला चहूबाजूंनी सारखी आणि एकदम ऊब देते. तव्यावर दाणा एकीकडून करपतो. वाळूत तो करपण्याआधीच फुटतो.

दाणा फुटतो तरी का? शाळेत हा प्रश्न मला दरवर्षी एक तरी मूल विचारतेच, आणि शिक्षिका म्हणून त्याचे उत्तर देणे मला फार आवडते. प्रत्येक दाण्याच्या पोटात थोडे पाणी असते. लाहीच्या मक्याच्या दाण्यात ते वजनाच्या सुमारे चौदा टक्के असले म्हणजे उत्तम. दाण्याचे कवच घट्ट आणि अखंड. बाहेरून आच लागली की आतल्या पाण्याची वाफ होऊ पाहते. कवच तिला बाहेर पडू देत नाही. आतले पिठूळ द्रव्य मऊ होते, दाब वाढत जातो, आणि उष्णता सुमारे १८० अंश सेल्सियसवर पोहोचली की कवचाचा धीर सुटतो. क्षणात वाफ पसरते, मऊ झालेले पीठ फेसासारखे फुलते, आणि बाहेरच्या हवेत येताच तसेच गोठून जाते. ज्याला आपण लाही म्हणतो ती खरे म्हणजे दाण्याच्या पोटातील गोठलेला फेस आहे. दाण्याला चीर गेलेली असेल तर वाफ हळूच निसटते, आणि तो दाणा नुसताच भाजून निघतो. फार सुकलेला दाणाही फुटत नाही, फार ओला असला तरी नीट फुलत नाही.

हे शास्त्र पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी आपल्या बायकांच्या हातात होते. ज्वारीच्या लाह्या करायच्या तर आदल्या दिवशी ज्वारी गरम पाण्यातून काढून, निथळून, कापडात बांधून ठेवायची आणि मग सुकवून भाजायची, हे देशावरच्या आज्यांना कोणत्या प्रयोगशाळेने शिकवले होते? दाण्याला नेमकी किती ओल हवी ते त्यांची बोटे सांगत.

आता दिवाळीच्या सुटीत मुले ज्या लाहीसाठी हट्ट धरतात तिच्याकडे वळू. ती साळीचीही नव्हे आणि ज्वारीचीही नव्हे. ती मक्याची, तिचे आजचे नाव पॉपकॉर्न. हा पाहुणा फार दुरून आला आहे. मका मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या एका रानगवतापासून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी माणसाने तो निवडून निवडून घडवला. दक्षिण अमेरिकेत पेरू देशाच्या उत्तर किनाऱ्यावर केलेल्या उत्खननात मक्याची जी जुनी कणसे मिळाली, त्यांत लाहीचा मका आहे आणि त्याचे वय साडेसहा हजार वर्षांच्या वर जाते. तेव्हा तिथे मातीची भांडीसुद्धा नव्हती. भांडे घडवण्याआधी माणसाने लाही फोडली, हे वाचून मला मोठी गंमत वाटली. निखाऱ्याजवळ पडलेला दाणा फुटला असेल, कोणा पोराने तो उचलून तोंडात टाकला असेल. पाककलेचा आरंभ याहून वेगळा तो कसा असणार?

कोलंबस १४९२ साली अमेरिकेला पोहोचला, आणि त्यानंतर मका सगळ्या जगभर निघाला. भारतात तो पोर्तुगीजांनी आणला असे बहुतेक अभ्यासक मानतात. मिरची आणली तीही त्यांनीच. आमचा किनारा त्या लोकांना चांगला परिचित. १५३४ साली वसई त्यांच्या हाती गेली, १५५९ साली दमण. या दोहोंच्या मधे डहाणू. पुढे १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसई पडली आणि या किनाऱ्यावरचा फिरंगी अंमल सरला. फिरंगी गेले, पण मका राहिला आणि मिरची तर अशी राहिली की ती परकी होती हे सांगितले तर आज कोणी विश्वास ठेवणार नाही. तिखट पॉपकॉर्नची चव आपण आधुनिक समजतो. पण तिच्यातले दोन्ही मुख्य जिन्नस, मका आणि मिरची, एकाच खंडातून समुद्र ओलांडून आलेली भावंडे आहेत. त्यांना जोडणारी हळद तेवढी आपली.

गोड लाहीची कथा निराळी. १८९३ साली शिकागो शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले. ते होते कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षे झाली म्हणून. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे आपल्याला शाळेपासून माहीत असते. पण त्याच प्रदर्शनाच्या आवारात चार्ल्स क्रेटर्स नावाचा गृहस्थ वाफेवर चालणारे लाह्यांचे यंत्र मांडून उभा होता, हे आपल्याला कोणी सांगत नाही! भडभुंज्याची भट्टी चाकांवर चढली ती तेव्हापासून. थोड्याच वर्षांत लाह्या आणि शेंगदाणे काकवीच्या पाकात घोळवून त्यांची पाकिटे तिकडे विकली जाऊ लागली. आपल्या राजगिऱ्याच्या किंवा चुरमुऱ्यांच्या लाडवाचा तो अमेरिकन मावसभाऊच. पुढे १९२९ नंतरची मंदी आली, लोकांचे खिसे रिकामे झाले. तेव्हा पाच-दहा सेंटांत मिळणारी लाह्यांची पुडी एवढीच चैन पुष्कळांना परवडे. चित्रपटगृहांनी ती जवळ केली. आजही पडद्यासमोर बसल्यावर आपला हात त्या पुडीकडे जातो, त्याचे मूळ त्या मंदीत आहे.

आणखी एक तारीख सांगते, कारण पुढची गोष्ट तिच्याशी बांधलेली आहे. पर्सी स्पेन्सर हा अमेरिकन तंत्रज्ञ रडारसाठी लागणाऱ्या नळ्यांवर काम करीत असे. त्या नळ्यांच्या अदृश्य लहरींनी खाद्यपदार्थ तापतात हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने ज्या पदार्थांवर हे ताडून पाहिले त्यांत मक्याचे दाणे होते. ते फुटून चहूकडे उडाले असे सांगतात. अन्न तापवण्याच्या या रीतीच्या पेटंटसाठी त्याचा अर्ज दाखल झाला तो ८ ऑक्टोबर १९४५ रोजी. आज घरोघरी मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्नची पिशवी फुगते, तिचा जन्मदिवस म्हणायचा तर हाच.

त्यानंतर दोनच दिवसांनी, १० ऑक्टोबर १९४५ च्या रात्री, आमच्या या मुलखात तलवाडा येथे जमलेल्या हजारो वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले. या दोन तारखांचा परस्परांशी काही संबंध नाही. एक घटना समुद्रापलीकडची, एक अलीकडची. पण धान्याच्या दाण्याचा इतिहास सांगायला बसले की मला एक आठवली म्हणजे दुसरी आठवतेच. एकीकडे दाणा अधिक चटकन कसा फुटेल याचा शोध चालला होता. दुसरीकडे पिकवलेला दाणा आपल्या घरी राहावा एवढ्यासाठी माणसे मरत होती.

ते दिवस कसे होते? जमिनी सावकार-जमीनदारांच्या, नांगर, बैल आणि घाम वारल्यांचा. भात पिकवायचे वारल्याने आणि खळ्यावरून ते जायचे मालकाच्या कोठारात. पावसाळा आला की वारल्याच्या घरातले धान्य संपे. मग मालकाकडूनच ‘खावटी’ आणायची, म्हणजे खाण्यापुरते उसने धान्य. आणि पीक आले की त्याची दिढी, कधी दुप्पट परत करायची. तेही सरले की रानातले कडू कांद उकडून, धुऊन, त्यांचा कडूपणा काढून ते खायचे. मालकाच्या शेतावर आणि घरी वेठ करायची ती वेगळीच. त्याहून वाईट प्रथा लग्नाची. लग्नासाठी तरुणाने मालकाकडून थोडे रुपये घेतले की तो त्याचा ‘लग्नगडी’ झाला. त्याने राबायचे, त्याच्या बायकोने राबायचे, आणि कर्ज कधी फिटायचेच नाही. एका समाजाच्या लग्नात वधूच्या ओंजळीतून लाह्या अग्नीला जातात. दुसऱ्या समाजाच्या लग्नात नवरा-नवरी स्वतःच आहुती जात. हे काही चळवळीतल्या लोकांनीच म्हटले असे नव्हे. सिमिंग्टन नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने स्वातंत्र्याच्या आधीच सरकारला दिलेल्या अहवालात या गुलामगिरीची नोंद केली होती.

आणि याच घरांतल्या भिंतींवर लग्नाचा चौक काढला जाई, तो तांदळाच्या पिठाने. शेण-मातीने किंवा गेरूने सारवलेली भिंत, तिच्यावर पांढऱ्या रेषा, मधोमध देवी पालघट. वारल्यांची धान्यदेवता कणसरी. पोटाला तांदूळ उसना आणायचा, पण देवीच्या चौकाला पीठ हवेच. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रे पुढे जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांकडे पाहताना आपण नाचाचे वेढे पाहतो, तारपा पाहतो. मला मात्र प्रथम दिसते ते पीठ. घरात नसलेल्या तांदळाचे पीठ.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळे येथे किसान सभेची परिषद झाली. तिला थोडे वारली गेले होते. त्यानंतर शामराव परुळेकर आणि गोदावरीबाई परुळेकर या मुलखात आली. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले आणि त्यांनी ठरवले, की वेठीला जायचे नाही, आणि दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर काम करायचे नाही. ठराव लहान दिसतो, पण या मुलखात त्याच्याआधी तसे कोणी मोठ्याने उच्चारले नव्हते. लग्नगडी घरी परतू लागले. मग गवताचा हंगाम आला. इथले गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये द्या, अशी मागणी झाली आणि कापणी थांबली. त्याच दिवसांतला तलवाड्याचा गोळीबार. गोदावरीबाईंनी ही सारी हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे. १९७० साली ते प्रसिद्ध झाले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १० ऑक्टोबर हा दिवस तलासरीत हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. दिवाळी बहुधा त्याच्या आगेमागेच येते.

त्याच १९४५ सालच्या डिसेंबरात डहाणू तालुक्यातच, बोर्डीच्या समुद्रकाठी, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबादच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, कारण त्यांना गुरे राखावी लागतात. तर शाळाच कुरणात न्यावी, असे त्यांनी ठरवले आणि कुरणशाळा निघाली. एका वर्षात या लहानशा मुलखाने दोन गोष्टी पाहिल्या. मे महिन्यात मोठ्या माणसांनी ताठ उभे राहायला शिकणे, आणि डिसेंबरात लहान मुलांसाठी अंगणातली शाळा. पोटात काही असल्याशिवाय मूल अक्षराकडे पाहत नाही, हे वर्गात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून या दोन गोष्टी मला दोन वाटत नाहीत.

१ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कूळ कायद्याने कसणाऱ्याला मालकी देण्याचे तत्त्व मान्य केले. कागदावरचे तत्त्व बांधावर पोहोचायला वेळ लागतो आणि वाटेत ते पुष्कळदा हरवते. खावटी हा शब्दही गेला नाही. फरक इतकाच, की तो सावकाराच्या वहीतून सरकारच्या वहीत आला. १९७८ पासून आदिवासींसाठी सरकारी खावटी कर्ज योजना निघाली. आणि २०२० साली, करोनाच्या टाळेबंदीनंतर, प्रत्येक कुटुंबाला दोन हजार रुपये रोख आणि दोन हजारांच्या वस्तू असे खावटी अनुदान जाहीर झाले. जो शब्द एकेकाळी माणसाला गुलाम करी, तोच आज मदतीचा झाला आहे, ही थोडी गोष्ट नव्हे. पण शब्द अजून लागतो, हेही तितकेच खरे. शेजारच्या जव्हार तालुक्यात १९९२ साली वावर-वांगणी येथे कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला ते कळले होते.

या पार्श्वभूमीवर २०२४ साली लाहीने देशाच्या अर्थमंत्र्यांनाही कामाला लावले, तेव्हा मला हसावे की रडावे ते कळेना. २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेर येथे वस्तू व सेवा कराच्या परिषदेची बैठक झाली आणि तीत स्पष्ट करण्यात आले, की मीठ-मसाला लावलेले सुटे पॉपकॉर्न असेल तर कर पाच टक्के, तेच छापील पाकिटात असेल तर बारा टक्के, आणि जळवलेल्या साखरेचे गोड पॉपकॉर्न असेल तर अठरा टक्के. कारण साखर चढली की लाही मिठाईच्या वर्गात जाते! लोक महिनाभर हसले. सप्टेंबर २०२५ मध्ये करांचे दर बदलले आणि गोड-तिखटाचा हा भेद मिटून सर्वांना पाच टक्के झाले. पण त्या थट्टेत एक खरी गोष्ट होती. लाही तीच, दाणा तोच, तरी गोड खाणारा आणि तिखट खाणारा हे दोन वर्ग आहेत, हे सरकारने एकदा बोलून दाखवले. आपल्या सणांनाही ते माहीत होते. देवाच्या ताटातली लाही बत्ताशाबरोबर बसे. कामावर निघालेल्याच्या पुरचुंडीतली लाही मीठ-मिरचीबरोबर.

घरात ही दोन्ही एका ताटात येऊ शकतात, आणि त्यांना कर पडत नाही. यंदाच्या फराळात ती जरूर करा. कृती सांगते.

मका घ्यायचा तो लाहीचा. कणसे भाजून खायचा मका वाळवून कितीही तापवला तरी तसा फुलत नाही. त्याचे कवच तितके घट्ट नसते. जाड बुडाचे, झाकणाचे पातेले घ्या. त्यात दोन मोठे चमचे तेल तापवून आधी तीनच दाणे टाका. ते फुटले की तेल योग्य तापले असे समजा. मग अर्धी वाटी दाणे टाका, झाकण ठेवा, पण वाफेला बारीकशी फट राहू द्या; वाफ कोंडली तर लाही चिवट होते. मधून मधून पातेले हलवा. तडतड ऐन भरात येईल आणि मग विरळ होत जाईल. दोन आवाजांमध्ये दोन सेकंदांचे अंतर पडू लागले की चुलीवरून उतरवा. उरलेल्या चार दाण्यांच्या लोभाने थांबलात तर फुललेल्या चाळीस करपतील.

तिखट लाहीसाठी चमचाभर तेल कोमट करून त्यात हिंग, हळद आणि लाल तिखट घाला. तेल फार तापलेले नको, तिखट जळते. मीठ मिक्सरमधून बारीक करून घ्या. जाडे मीठ लाहीवर टिकत नाही, तळाशी जाऊन बसते. गरम लाहीवर हे तेल शिंपडून दोन हातांनी हलकेच वर-खाली करा. वर थोडे मेतकूट भुरभुरले तर चवीला मराठी वळण येते.

गोड लाहीसाठी पाऊण वाटी चिरलेला गूळ आणि एक मोठा चमचा तूप मंद आचेवर ठेवा. चिक्कीचा करतो तसाच पाक. थेंब पाण्यात टाकून पाहा. तो वाटीवर आपटला की टणकन वाजला पाहिजे. मग आच बंद करून चिमूटभर खायचा सोडा घाला. पाक फेसाळून हलका होतो आणि लाहीला पातळ बसतो. न फुटलेले दाणे आधी वेचून काढलेली लाही त्यात घाला, भराभर हलवा आणि तूप लावलेल्या ताटात पसरा. मुलांना लांब ठेवा. गुळाच्या पाकासारखा चटका दुसऱ्या कशाचा नाही. आमच्याकडची एक युक्ती म्हणजे वाळवलेल्या चिकूच्या चकत्यांचे तुकडे शेवटी मिसळणे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याची मऊ गोडी आणि लाहीचा कुरकुरीतपणा यांची जोडी छान जमते.

थंड झाल्यावर दोन डबे भरा, एक गोड आणि एक तिखट. अर्ध्या वाटी मक्याने मोठे पातेले काठोकाठ भरते, म्हणून वाटायला हात आखडावा लागत नाही. लक्ष्मीपूजनाची साळीची लाही मात्र वेगळी ठेवा. तिची जागा मक्याने घेऊ नये. तिच्याकडे पाहून मुलांनी विचारले, की हिला देवीपुढे का ठेवतात, तर त्यांना सांगा: धान्य घरात उरले, म्हणून. आणि तलासरीचे नाव सांगायला विसरू नका.